तारेला लागलेले पाऊल

आपल्याकडे वाघाच्या छायाचित्रांचा जुना संग्रह उघडला, की बहुतेक ठिकाणी मेलेला वाघ दिसतो आणि शेजारी बंदूकधारी साहेब किंवा संस्थानिक. जिवंत वाघ स्वतःच्या वाटेवर केव्हा टिपला गेला, याचा माग काढताना मी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या संयुक्त प्रांतातल्या इंग्रज वनाधिकाऱ्यापाशी पोचलो. त्याची चित्रे १९२५ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये आली आणि १९२७ मध्ये 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक.

चॅम्पियन वाघाच्या मागे धावला नाही. वाघ रात्री रुळलेल्या वाटांनी आणि कोरड्या नाल्यांतून चालतो, हे ठशांवरून ताडून तो वाटेवर तार बांधी आणि कॅमेरा झाडोऱ्यात दडवी. पाऊल तारेला लागले, की मॅग्नेशियमचा लखलखाट होई आणि काचेवर चित्र उमटे. तारेला कोणाचे पाऊल लागेल, हे त्याच्या हाती नसे. चित्रे शेजारी ठेवून पाहताना प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हेही त्याने नोंदवले.

त्याचा प्रभाव जिम कॉर्बेटवरही पडला. १९३६ मध्ये भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान, हेली नॅशनल पार्क, झाले त्यामागे दोघेही होते. पुढे उद्यानाला कॉर्बेटचे नाव मिळाले; चॅम्पियन मात्र मागे पडला. ही उपेक्षा मला केवळ एका माणसावरचा अन्याय वाटत नाही. पट्ट्यांची ती नोंदही तिच्याबरोबर मागे पडली.

कारण स्वतंत्र भारताने वाघ मोजले ते पंजाच्या ठशांवरून. प्लास्टरमधला ठसा पाहून वाघ ओळखता येतो, या विश्वासावर दशके गेली. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कातून वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाले, तेव्हा कळले की आदल्या वर्षापर्यंत ते कागदावर जिवंत होते. दरम्यान कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकातच स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधण्याची रीत उभी केली होती. सरिस्कानंतर देशाला तीच धरावी लागली.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रे मिळाली. त्यांत वाघाची होती फक्त ७६,६५१. त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले.

ताडोबात किंवा कान्ह्यात जिप्सींची रांग लागते ती एखाद्या नावाजलेल्या वाघिणीसाठी, आणि तिची चित्रे घरोघरी पोचतात. पण जंगलात वाघ उरला आहे की नाही, याची साक्ष ती चित्रे देत नाहीत. ती साक्ष देतो झाडाला बांधलेला, मागे कोणीही नसलेला कॅमेरा. चॅम्पियनची तार गेली. वाट ओळखून थांबण्याची त्याची रीत मात्र टिकली.