जेकब रीसची उमेदवारी

छायाचित्रण पुस्तकें वाचून येतें कीं कॅमेरा घेऊन रस्त्यानें हिंडल्यानें येतें, असा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. आतां प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें कॅमेरा असल्यामुळें हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस जेकब रीसच्या चरित्रांत सांपडतें.

रीस हा १८४९ सालीं डेन्मार्कमधील रीबे गांवीं जन्मला व १८७० सालीं अमेरिकेस गेला. तेथें त्यानें बेकारी व उपासमार सोसली. निराश्रितांसाठीं पोलीसचौकींत असलेल्या गलिच्छ खोलींत रात्रही काढली. पुढें तो न्यूयॉर्क येथें पोलीसखात्याच्या बातम्या देणारा बातमीदार झाला. मल्बेरी रस्त्याच्या आसपास गरिबांच्या कोंदट चाळी होत्या. त्यांविषयीं त्यानें पुष्कळ लिहिलें. परंतु वाचकांचें मन हलेना. चित्र दाखवावें, तर त्या खोल्यांत दिवसाही उजेड नसे.

१८८७ सालीं मॅग्नेशियमची पूड पेटवून क्षणभर लख्ख उजेड पाडण्याची युक्ति जर्मनींत निघाली. ती बातमी वाचून रीसनें कांहीं हौशी छायाचित्रकार बरोबर घेतले. पण रात्रीबेरात्रीं हिंडण्यास ते लवकरच कंटाळले. मग पगारी माणूस ठेवला, त्याच्याशींही जमलें नाहीं. अखेर १८८८ च्या आरंभीं पंचवीस डॉलरांस कॅमेरा विकत घेऊन तो स्वतःच शिकूं लागला.

सरावासाठीं त्यानें हार्ट बेटावरील बेवारशी प्रेतांचें दफनस्थान निवडलें. तेथें त्यानें काचेवर प्रमाणाबाहेर उजेड पाडला. शिवाय ती काच इतर काचांत मिसळून गेल्यामुळें एका चित्रासाठीं सगळ्याच धुवाव्या लागल्या. चित्र काळेंकुट्ट निघालें. परंतु मॅजिक लँटर्ननें तें पडद्यावर दाखवितांना त्या काळिमेमुळेंच दफनाच्या चराची भीषणता अधिक जाणवते, असें त्याला आढळून आलें. पूड उडविण्यासाठीं आरंभीं तो पिस्तुल वापरी. त्यानें लोक घाबरत, म्हणून पुढें तो ती तव्यावर पेटवूं लागला. असा एकेक चुकींतून त्याचा हात बसत गेला.

मात्र कांहीं चुकांची किंमत दुसऱ्यांस द्यावी लागण्याचा प्रसंग होता. एका माळ्यावर पांच आंधळीं माणसें राहत होतीं. त्यांचें चित्र घेतांना भिंतीवरील कागदांनीं व चिंध्यांनीं पेट घेतला. त्या बिचाऱ्यांस आगीचा पत्ताही नव्हता. रीसनें ती एकट्यानें विझविली. त्या घराच्या भिंतींवर इतका मळ आहे कीं, तें पेटलें तरी जळत नाहीं, असें मागाहून एका पोलिसानें त्यास हंसत सांगितलें.

ही हकीकत त्यानें लपविली नाहीं, हें त्यास भूषणावह आहे. तथापि, निजलेल्या माणसांस मध्यरात्रीं एकाएकीं प्रकाशाच्या झोतांत आणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न त्यास फारसा पडलेला दिसत नाहीं. १८९० च्या त्याच्या ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ या ग्रंथांत चिनी व ज्यू लोकांविषयींची कठोर मतेंही आहेत. सरावानें त्याचा हात सुधारला. दृष्टि त्या मानानें सुधारली नाहीं.

असें असूनही त्याच्या कार्याचें मोल कमी होत नाहीं. १८९६ सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं पोलीसचौक्यांतील त्या खोल्या बंद केल्या; १८९७ सालीं मल्बेरी बेंड येथील चाळींच्या जागीं उद्यान झालें. या दोन्हींमागें रीसची खटपट होती. १९१४ सालीं तो वारला; त्याच्या काचा अनेक वर्षें माळ्यावर पडून होत्या. १९४७ सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्यांवरून काढलेलीं चित्रें मांडलीं गेलीं, तेव्हां कोठें छायाचित्रकार म्हणून त्याची ओळख जगास पटली.

म्हणून विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगतों: कॅमेरा घेऊन खुशाल रस्त्यावर जा, बिघडलेलीं चित्रें तुम्हांस पुस्तकांपेक्षां अधिक शिकवितील. पण ज्याचें चित्र घ्यावयाचें, त्याच्या दाराशीं कसें उभें राहावें, हें कॅमेरा शिकवीत नाहीं. तें शिक्षण ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें.