रुक्मीचा क्रोध आणि विदर्भाची कथा

वर्धा शहराला लागून असलेले सिंदी मेघे पुराणकथांतील विदर्भात येते. वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडच्या तीरावरचे, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर ही परंपरेने भीष्मक राजाची राजधानी मानली जाते.

रुक्मिणीहरणाच्या कथेच्या मुळाशी मानभंग आहे. भीष्मकाचा मुलगा रुक्मी बहीण रुक्मिणीचा विवाह शिशुपालाशी ठरवतो आणि कृष्णाने तिचे हरण केल्यावर संतापतो. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय राजधानीत पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा तो करतो. युद्धात हरल्यावर रुक्मिणीच्या विनवणीमुळे त्याचा जीव वाचतो, पण केस-मिशा भादरल्या जातात. प्रतिज्ञेने बांधलेला रुक्मी मग भोजकट नगर वसवून तिथेच राहतो.

मानभंगातून उसळलेला असाच क्रोध होमरच्या ‘इलियड’मध्येही दिसतो: अपमानित योद्धा अकिलीस तलवार उपसू लागतो, तेव्हा अथेना देवी केस धरून त्याला आवरते. तिथे देवता क्रोधाला लगाम घालते. इथे क्रोध थेट देवावरच चालून जातो आणि बहिणीची करुणा त्याचा शेवट सौम्य करते.

महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकाच्या अखेरीस याच कथेवर ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. एकनाथांनी त्याच नावाचा ग्रंथ १५७१ मध्ये काशीत पूर्ण केला. विवाह जुळावा म्हणून त्याचे पारायण करण्याची प्रथा महाराष्ट्रात आजही आहे.