उलटी अक्षरे

ड्रायपॉइंट शिकणारा कलाविद्यार्थी तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढतो, तेव्हा त्याला पहिला धडा मिळतो : छाप उलटा उमटतो. मुद्रणाच्या अक्षरांचेही तसेच. ती कोरण्याचा एक जुना प्रयत्न सुरतेस झाला.

तेथील व्यापारी भीमजी पारेख यांना प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापावयाचे होते. त्यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने धाडलेला मुद्रक हेन्री हिल्स १६७४ साली मुंबईस आला. त्याला छापणे येत होते, अक्षरे कोरणे नव्हे. तेव्हा भीमजींनी आपलीच माणसे कामास लावली. त्यांनी ‘बनिया’ अक्षरांत छापलेले कागद सुवाच्य आहेत, परंतु अनुभवाअभावी खर्च व विलंब फार होतो, असे सुरतेच्या वखारीने विलायतेस कळविले. यंत्र गलबतातून आले. हाताचे कसब मात्र येथेच कमवावे लागले.