फियाट

नांदेड-लातूरकडे ‘फियाट’ म्हणजे बहुधा प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ११०० डिलाइट किंवा तिचेच पुढचे नाव, पद्मिनी. त्याआधीच्या, १९५४ पासूनच्या गोलसर नाकाच्या मॉडेलला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत. डिलाइटचा घाट सरळ रेषांचा. दोन गोल दिवे, क्रोमची जाळी, चकचकीत बंपर, आणि मागच्या मडगार्डवर डिकीच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या धारदार कडा, म्हणजे ‘पंख’. मूळ रचना इटलीची असली तरी हे पंख अमेरिकेतले. १९४८ च्या कॅडिलॅकवर ते पहिल्यांदा दिसले. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून तिकडे मसल कारचे युग सुरू झाले, तोवर पंख मावळले होते आणि लांब बॉनेट, आखूड डिकी, फुगीर मागचे मडगार्ड यांनी इंजिनाची ताकद बाहेरूनच दाखवायला सुरुवात केली होती. आयातबंदीमुळे तो घाट इकडे आला नाही, आणि १०८९ सीसीच्या इंजिनाला तो शोभलाही नसता. पंख मात्र पद्मिनीने शतक संपेपर्यंत जपले. पुढच्या दारातली त्रिकोणी काच हा तिचा सर्वांत शहाणा अवयव : ती फिरवली की वारा थेट आत येई. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, वातानुकूलन नसलेल्या गाडीत, तिचे मोल क्रोमपेक्षा जास्त होते.