आजारी कोण?

समुपदेशकाने समोरच्या माणसाला बदलायचे, की त्याच्या पाठीशी उभे राहायचे? मला या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते.

१९५०च्या दशकात अमेरिकेत समलिंगी असणे हा मनोविकार मानला जाई. कारण डॉक्टरांनी पाहिलेले समलिंगी पुरुष बहुधा रुग्णालयातले, नाहीतर तुरुंगातले असत. लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी उपचार न घेणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष निवडले. शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी व इतर चाचण्या घेतल्या आणि नावे झाकून उत्तरे तज्ज्ञांपुढे ठेवली. समलिंगी कोण, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही! हा अभ्यास १९५७ साली छापला गेला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले ते १९७३ साली.

मग समुपदेशनाची नवी रीत रुजू लागली. 'तू असा का?' हा प्रश्न मागे पडला; 'असा म्हणून तुला काय सोसावे लागले?' हा पुढे आला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये समलिंगी माणसाला 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. तरी 'लग्न लावून द्या, सुधारेल' म्हणणारे आजही भेटतात. त्यांना मी हूकरबाईंची गोष्ट सांगतो. कुणाला आजारी म्हणण्यापूर्वी, आपण त्याला पाहिले कुठे, हे आधी तपासावे.