जप्त वतनाची दाद आणि तिचे कागद

जुन्या दप्तरांत एखादें निवाडपत्र हातीं लागलें म्हणजे संग्राहकांस आनंद होतो. परंतु त्याच रुमालांतील वादीच्या अर्जाकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. वतनाची वा इनामाची सनद म्हणजे त्या काळचा परवानाच. तो हिरावला गेला असतां आपलें म्हणणें कोणापुढें व कोणत्या रीतीनें मांडतां येत असे, हें या अर्जांवरूनच उमगतें. म्हणून त्यांविषयीं थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

मराठेशाहींत वतनाचा तंटा पडला कीं तें वतन बहुधा अमानत होई. वतनदार हुजुरांत फिर्याद होत असे. उभय पक्ष आपापली तकरीर देत, आणि होईल तो निवाडा मान्य करूं, असा राजीनामा जामिनासह लिहून देत. (या शब्दाचा आजचा अर्थ मनांत धरून तो कागद वाचल्यास घोटाळा ठरलेला.) आपल्या ठिकाणचें गोत पक्षपाती वाटल्यास दुसरें थळ मागतां येई. शेवटीं महजरावर पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी अशा निशाण्या पडत. हरलेला यजितखत देऊन गुन्हेगारी भरी. जिंकलेला हरकी देई. ही रीत निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. हरकीचा भार पुष्कळांस जड जाई. तथापि याज्ञवल्क्यानें सांगितलेलीं लेख्य, भोग व साक्षी हीं तिन्ही प्रमाणें तेथें उभीं राहत, आणि साक्ष देणारा शिवेवरचा शेजारी असे.

पेशवाई संपत असतां, ता. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्यास एल्फिन्स्टन यानें जाहीरनामा काढून वतनें, इनामें व वर्षासनें चालविण्याचें अभिवचन दिलें. पुढें १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनाम कमिशनची चौकशी रीतसर सुरू झाली. आतां मुख्य भर लेखावर, त्यांतही सरकारी दप्तरांतील दाखल्यावर पडला. भोगवट्यास कांहीं मान होता; पण गोताची साक्ष मागें पडली. ज्याची सनद वाळवीनें खाल्ली, त्यानें काय दाखवावें? निर्णयावर अपील होतें, परंतु तें अखेर सरकारकडेच. दिवाणी न्यायालयाचें दार बंद. इनाम खालसा झाल्यास ज्याचा वसूल वाढणार, तोच शेवटचा न्यायाधीश! १८६३ च्या २ ऱ्या व ७ व्या कायद्यांनीं ठराविक आकार मान्य करून चौकशींतून सुटण्याची वाट निघाली, ती बहुतांनीं धरली यांत नवल नाहीं.

आतां संग्राहकांस आमची विनंती. या अर्जांसोबत वंशावळी, करीने आणि सनदांच्या नकला जोडलेल्या आढळतात. मूळ सनद नष्ट झाली असल्यास ती नकलच काय ती उरते. करीना हा हितसंबंधी माणसाचा लेख आहे, आणि बनावट सनदाही थोड्या नव्हत्या. म्हणून मुद्रा, मिति व पेशवे दप्तरांतील रोजकीर्द यांशीं पडताळल्यावांचून कांहींही खरें धरूं नये. पण सुंदर शिक्क्याची सनद तेवढी काढून घेऊन बाकीचा रुमाल रद्दींत टाकणें, हा अपराध आमच्या डोळ्यांदेखत घडला आहे. निवाड्यांत जिंकणाऱ्याचा शब्द राहतो. हरलेल्याचा शब्द राहतो तो फक्त त्याच्या अर्जांत. एकदां सुनावणी नाकारली गेलेल्या माणसास इतिहासानेंही ती नाकारूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.