युरियाच्या चाचणीची कुळकथा

झड उघडली की यवतमाळकडे पऱ्हाटीला युरिया देण्याची घाई सुरू होते. खत मातीआड करा, असं जाणते शेतकरी बजावतात, कारण ओल्या वावरात युरिया उघडा पडला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडून जातो. ही मोडतोड करतं ‘युरीज’ नावाचं विकर. ते मातीतल्या जंतूंकडे असतं, आणि माणसाच्या जठरात घर करणाऱ्या एका जंतूकडेही असतं.

जठरातल्या युरीजचा माग फार जुना आहे. १९२४ साली लक आणि सेठ या संशोधकांनी प्राण्यांच्या जठरात हे विकर असल्याचं दाखवलं. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी आपल्या आबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरीजचे स्फटिक काढले. कोणत्याही विकराचे ते पहिलेच स्फटिक. पण जठरातलं युरीज हे जठराचं स्वतःचंच, अशी समजूत होऊन बसली. १९५०च्या दशकात प्रतिजैविक दिल्यावर जठरातला अमोनिया घटतो, असंही दिसून आलं. म्हणजे विकर जंतूंचं होतं! तरीही त्याचा अल्सरशी संबंध कुणी जोडला नाही. एवढ्या आम्लात जंतू तगतील कसे, हा प्रश्नच आड येत राहिला. मला ही सगळी वर्षं फार लागतात. पुरावा हाताशी असताना माणसं तिखटाला आणि काळजीला दोष देत पोट धरून बसली, कित्येकांची जठरं कापली गेली.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हा जंतू वाढवायचा प्रयत्न करत होते. जंतू वाढवायच्या बशा दोन दिवसांत टाकून दिल्या जात. ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि पाचेक दिवसांनी त्यांत जंतू वाढलेला दिसला. पुढे मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. या जंतूचा अल्सरशी संबंध जोडल्याबद्दल दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

आम्लात तगण्याचं कोडंही मग उलगडलं: हा जंतू, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, युरियापासून अमोनिया करतो आणि त्याने स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. चाचणी यातूनच निघाली. १९८५च्या सुमारास ती रुग्णांसाठी वापरात येऊ लागली. एंडोस्कोपी करताना जठराच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि युरिया व फिनॉल रेड मिसळलेल्या पिवळ्या जेलमध्ये खोचतात. जंतू असला तर अमोनिया सुटतो आणि तुकड्याभोवती गुलाबी रंग चढू लागतो, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी. जंतू असलेल्या प्रत्येकाला अल्सर होत नाही, आणि अंगदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

आपल्याकडे पोटात आग पडली की मेडिकलमधून गॅसची गोळी आणायची आणि महिनोन्‌महिने घेत राहायची, ही रीत आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या या गोळ्यांनी जंतू दबतो, मरत नाही, आणि चाचणी खोटा निर्वाळा देते. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे थांबवावी लागतात. उपचारानंतर जंतू खरंच गेला का, हे पाहायला पुन्हा एंडोस्कोपीची नळी घालण्याची सहसा गरज नसते: खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात, आणि तो कार्बन श्वासात उतरतो का, ते मोजतात.